आघाडीची दोन-तीन मिनिटे

मावळ म्हटले की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे लोहगड आणि विसापूर, तुंग आणि तिकोना हे दुर्ग, कार्ल्याची व भाज्याची लेणी, पवना आणि इंद्रायणी यांच्या काठची भातखाचरे, आणि शिवछत्रपतींच्या हाकेसरशी खांद्यावर घोंगडी टाकून निघालेली ती काटक, मितभाषी माणसे उभी राहतात. लोणावळा म्हटले की पाऊस, धुके आणि परतीच्या गाडीत मांडीवर सांभाळून नेलेला चिक्कीचा पुडा आठवतो. परंतु याच मुलखात, आगगाडीच्या रुळांच्या आणि टाटांच्या धरणांच्या आश्रयाने वाढलेल्या वस्त्यांमध्ये, फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणारी माणसे एके काळी होती, आणि ज्या वयात मनावर उठलेला ठसा पुढे आयुष्यभर पुसला जात नाही त्या वयात त्यांनी एका खेळाडूला आपला मानले होते, ही हकिकत मावळाबाहेर तर नाहीच, पण मावळातही आज फारशी कुणाला ठाऊक नाही. त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसोझा. प्रस्तुत संग्रह त्याच्या चाहत्यांनी, ऐंशी ओलांडलेल्या वयात, दिलेल्या जबान्यांचा आहे. तो सिद्ध करणारे दोघे मित्र, एक निवृत्त शिक्षक आणि दुसरे रेल्वेच्या दप्तरात आयुष्य घालवलेले, यांनी मला प्रास्ताविक चार पाने लिहिण्याची आज्ञा केली, आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे मी ती आनंदाने शिरोधार्य मानली.

नव्या वाचकासाठी प्रथम थोडा तपशील देणे भाग आहे. नेव्हिल डिसोझा हा मूळ गोव्याच्या बारदेशातील आसगावचा; जन्म १९३२ चा; कर्मभूमी मुंबई. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, १ डिसेंबर रोजी, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पाडाव केला, त्या चार गोलांपैकी तीन एकट्या नेव्हिलचे होते, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. त्या स्पर्धेत भारताने एकूण पाच गोल केले. त्यांतले चार नेव्हिलचे, आणि उरलेला एक किट्टू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृष्णस्वामीचा. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्याबरोबरीने स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान त्याला मिळाला. भारत चौथा आला. त्यानंतर आपला संघ १९६० साली रोमला गेला, आणि तेव्हापासून आजतागायत ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताचे पाऊल पडलेले नाही. पुढे १९६८ साली जपानच्या कामामोतोने मेक्सिकोत सात गोल करून आशियाचे नाव गाजवले, आणि जपानमध्ये तो राष्ट्रपुरुषासारखा पूजिला गेला. नेव्हिल मात्र १९८० साली, पन्नाशीही न गाठता, मुंबईत निवर्तला, आणि महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकात त्याच्या नावाची एक ओळही मला आढळलेली नाही.

आता प्रश्न असा उद्भवतो की, मुंबईच्या या खेळाडूचे नाते लोणावळ्याशी जुळले कसे. त्याचे उत्तर लोणावळ्याच्या घडणीतच आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली आणि त्याबरोबर जी. आय. पी. रेल्वेचे इंजिनांचे कारखाने, रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशी दोन प्रार्थनामंदिरे, एवढेच काय पण नोकरांसाठी सहकारी भांडारही या लहानशा खेड्यात आले. जुन्या गॅझेटियरमध्ये या सर्वांची नोंद सापडते. इंजिने आली तशी इंजिने हाकणारी माणसे आली, त्यांत गोरे होते, अँग्लो-इंडियन होते, गोव्याचे आणि वसईकडचे ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या हाताखाली मावळातल्याच गावांतून भरती झालेले खलाशी व गँगमन होते. पुढे टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवता येथे पाणी अडवून १९१५ पासून खोपोलीला वीज निर्माण केली, तेव्हा फिटर, वायरमन आणि कारकून यांच्या वसाहती उठल्या. १९४५ च्या फेब्रुवारीत नौदलाची ‘शिवाजी’ ही अभियांत्रिकी संस्था येथे स्थापन झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातले तरुण खलाशी बाजारपेठेत दिसू लागले. ज्या गावात आगगाडी, वीज आणि आरमार या तिन्हींचे मुक्काम पडले, त्या गावात चेंडू आला नसता तरच नवल. आणि तो केवळ गोऱ्या साहेबांच्या आवारात राहिला नाही. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मराठी पोरांनी तो कधी पळवला, कधी मागून घेतला, आणि अखेरीस आपला करून टाकला.

त्या चेंडूविषयी या संग्रहात जे सांगितले आहे ते मला इतके प्रिय झाले आहे की त्यावर थोडे रेंगाळल्याखेरीज पुढे जाववत नाही. हल्लीच्या चेंडूला शिवण दिसते न दिसते. तो चेंडू कातड्याच्या जाड पट्ट्या शिवून केलेला असे, पोटात रबरी ब्लॅडर, आणि ब्लॅडरची नळी आत दाबून वरून कातडी वादीने आवळलेली. ती वादी ज्या बाजूला असेल त्या बाजूने चेंडू कपाळावर बसला की आठ दिवस वण जात नसे. ब्लॅडर फुटला की सायकलच्या दुकानात न्यावा लागे, तेथला कारागीर परातभर पाण्यात तो बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाही आणि जुन्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशनने चिकटवून देई. पावसाळ्यात, आणि लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे काय हे ज्याने तेथे घालवला आहे त्यालाच कळेल, कातडे पाणी पिऊन इतके जड होई की अनवाणी पायाने लाथ मारणाऱ्याच्या बोटांना झिणझिण्या येत. मग रात्री तो चुलीशेजारी वाळत ठेवायचा, आणि सकाळपर्यंत कातडे ताठ होऊन तडकू नये म्हणून त्यावर आईची नजर चुकवून गोडे तेल चोळायचे. एका जबानीदाराने सांगितले आहे की, त्यांच्या घरी त्या तेलाचा वास आणि चिखलाचा वास असा काही एकत्र मुरला होता की, पुढे नोकरीनिमित्त कोरड्या मुलखात बदली झाल्यावर त्यांना झोप लागेना. अशा चेंडूने, भांगरवाडी, वळवण किंवा तुंगार्लीच्या बाजूच्या मुरमाड मोकळ्या जागांवर, दगड मांडून केलेल्या गोलांमध्ये ही मुले खेळली. फुटबॉल हा मुंबईतही पावसाळ्याचाच खेळ होता. तिथल्या कूपरेज मैदानाच्या चिखलाची वर्णने वाचून या मुलांना जो आनंद होई त्याचे कारण उघड आहे: चिखलाच्या बाबतीत तरी आपण मुंबईपेक्षा तसूभरही कमी नाही, अशी त्यांची खात्री होती.

या मुलांमध्ये जो सेंटर फॉरवर्ड होई तो नेव्हिल. रोज नव्याने भांडण होई, कारण नेव्हिल एकच आणि दावेदार अनेक. पण भांडणाचे खरे मूळ याहून खोल होते. रेल्वेच्या चाळीतली मुले म्हणत, नेव्हिल आमचा. टाटांच्या वसाहतीतली मुले म्हणत, छे, तो आमचा. इगर्जीच्या म्हणजे चर्चच्या घंटेवर ज्यांचे दिवस चालत ती गोव्याकडची घरे म्हणत, तुमचा कसला, तो आमच्या बारदेशचा. आणि ज्यांचा या तिघांशीही संबंध नव्हता ती मावळातली मुले म्हणत, तो मुंबई राज्याचा, आणि मुंबई राज्यात मावळ येते. १९५४-५५ च्या संतोष ट्रॉफीत मद्रास येथे मुंबईने सर्व्हिसेस संघाला हरवून ती ट्रॉफी प्रथमच घरी आणली, तेव्हा लोणावळ्यात मोठा पेच उभा राहिला असला पाहिजे, कारण सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदले आणि सैन्यदले म्हणजे गावाच्या अंगणातील नौदल. एका जबानीत त्या दिवसांतील वादाची हकिकत आहे: पानाच्या गादीपाशी उभ्या असलेल्या खलाश्यांनी पैज हरल्यावर हसतमुखाने सर्व मुलांना सरबत पाजले. ही गोष्ट खरी की रचलेली हे मी विचारले नाही. ती सांगताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे होते ते रचता येण्याजोगे नव्हते, एवढे मी पाहिले.

मेलबर्नच्या त्या आठवड्याकडे आता वळू. कारण संग्रहातील निम्म्याहून अधिक जबान्या फिरून फिरून तेथेच येतात. १९५६ चा हिवाळा हा महाराष्ट्राच्या इतिहासात शांत नव्हता. १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गावोगाव रान पेटवले होते, आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबरला सुरू होऊन पुरता महिनाही झाला नव्हता, आणि वर्तमानपत्र हाती पडताच मोठी माणसे पहिल्या पानापासून जी वाचायला बसत ती मागच्या पानापर्यंत पोचेतो चहा निवत असे. जगातही तेच. हंगेरीत उठाव चिरडला गेला होता, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला उतरलाच नाही, म्हणून भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. दूरदेशीच्या एका दुःखातून आपल्या संघाचा मार्ग मोकळा झाला होता, याची जाणीव त्या वेळी मुलांना असणे शक्य नव्हते. आज त्यांच्यापैकी दोघांनी ती आवर्जून नोंदवली आहे.

शनिवारी ऑस्ट्रेलियाशी सामना झाला आणि रविवारी सकाळच्या गाडीने वर्तमानपत्र आले. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक संघाचे मार्गदर्शक होते, बंगालचे समर बॅनर्जी, म्हणजे बद्रू, कर्णधार होते, पी. के. बॅनर्जी आणि तुळशीदास बलराम हे पुढे फार मोठे झालेले खेळाडू तेव्हा कोवळे तरुण होते. पण लोणावळ्याच्या मुलांनी त्या बातमीत एकच नाव शोधले, आणि ते तीनदा सापडले. ते तीन गोल कसे झाले याविषयी जबान्यांमध्ये जो मतभेद आहे तो वाचकाने मनापासून वाचावा अशी माझी विनंती आहे. एकजण म्हणतो पहिला गोल डोक्याने. दुसरा शपथेवर सांगतो की डाव्या पायाने. तिसऱ्याच्या मते गोलकीपर पुढे आला होता आणि नेव्हिलने चेंडू त्याच्या बगलेतून सरकवला. यांपैकी कुणीही मेलबर्नला नव्हते. वर्तमानपत्रातल्या मोजक्या ओळींवरून प्रत्येकाने आपापल्या मुरमाड मैदानावर तो गोल रचला, शंभरदा खेळला, आणि खेळता खेळता तो इतका खरा झाला की सत्तर वर्षांनीही त्याचा कोन, त्याची उंची, चेंडू जाळ्यात शिरताना झालेला आवाज सांगता येतो. संग्राहकांनी या विसंगती काढून टाकल्या नाहीत याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बखरकारांच्या मजकुरात आणि सरकारी दप्तरात जो फरक असतो तोच येथे आहे. दप्तरावरून गोल किती झाले ते कळते, पण ते गोल कुणाच्या आयुष्यात काय होऊन राहिले हे केवळ अशाच जबानीतून कळते.

मंगळवारी, ४ डिसेंबरला, उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी होता. या नावाचा धाक किती होता हे समजण्यासाठी आठ वर्षे मागे जावे लागेल. १९४८ साली लंडनला भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी १-२ असे थोडक्यात हरले, तेव्हा जगाने कौतुक केले. १९५२ साली हेलसिंकीला याच युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढवले आणि आपल्याकडून एकच झाला, तेव्हा ते कौतुक ओसरले, आणि पायांत बूट घालण्याची सक्ती खेळाडूंवर झाली. अशा प्रतिस्पर्ध्याशी मेलबर्नला भारत मध्यंतरापर्यंत बरोबरीत होता, आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिलने गोल केला. भारत १-० असा पुढे गेला. ती आघाडी अवघी दोन-तीन मिनिटे टिकली. मग युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, पाठोपाठ दुसरा, पुढे तिसरा, आणि अखेर आपल्याच एका खेळाडूच्या पायाला लागून चौथा. सामना १-४ असा गेला.

आता येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, आणि माझ्या मते या साऱ्या संग्रहाचे मर्म तीत आहे. ही आघाडी लोणावळ्यात कुणीही प्रत्यक्ष जगली नाही. बुधवारी सकाळी जेव्हा वर्तमानपत्र आले तेव्हा मथळ्यातच पराभव होता. आघाडीचे वाक्य त्याच्या कितीतरी खाली, बारीक टायपात. म्हणजे काळाच्या ओघात जे आधी घडले ते या मुलांना नंतर कळले, आणि जे अंती घडले ते आरंभीच कळून चुकले होते. असे असूनही, जबानी देणाऱ्या एकूण एक माणसाने त्या दिवसाची हकिकत सांगताना सुरुवात आघाडीपासून केली आहे, आणि पुष्कळांनी ती तेथेच थांबवली आहे.

या जबान्यांमध्ये एक बाईंची आहे. त्यांचे वडील इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी होते. घाटात गाड्या ओढणारी आणि मागून रेटणारी ती लांबोडी विजेची इंजिने, ज्यांना रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत, त्यांच्या पोटाखाली शिरून तेलपाणी करणे हे त्यांचे काम. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगी मराठी पाचवीत. रात्रपाळी करून आलेले वडील ओसरीवर भिंतीला टेकून बसत, हाताला लागलेले ग्रीस चिंधीने पुसत, आणि मुलगी शेजाऱ्यांकडून तासाच्या बोलीवर आणलेले वर्तमानपत्र त्यांना वाचून दाखवी. त्या बुधवारी तिने मथळा वाचला आणि वडिलांचा चेहरा पाहून तिला रडू कोसळले. वडील म्हणाले, सगळे वाच. ती वाचत गेली. नेव्हिलच्या गोलाचे वाक्य आले तेव्हा त्यांनी हातातली चिंधी बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘एवढंच परत वाच.’ तिने ते परत वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. किती वेळा वाचले ते बाईंना आठवत नाही. पण त्या वाक्याच्या पुढचे वाक्य त्यांनी त्या दिवशी एकदाच वाचू दिले, हे मात्र त्यांना पक्के आठवते. बाईंनी आज ऐंशी ओलांडली आहे, त्यांनी फुटबॉलचा सामना मैदानावर जाऊन कधीही पाहिलेला नाही, आणि तरीही नेव्हिलच्या चाहत्यांमध्ये मी त्यांना अग्रस्थान देतो.

या आठवड्याची हकिकत येथेच संपली असती तर हा संग्रह एका खेळाच्या आठवणींपुरता राहिला असता. परंतु गुरुवारी, ६ डिसेंबरला, दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. मावळाचे आणि बाबासाहेबांचे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या वार्तेने या भागात काय झाले असेल याची कल्पना येईल. तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला होता. मावळाच्या वेशीवरील देहूरोड येथे, जेथे लष्करी डेपोच्या आधाराने कष्टकऱ्यांची मोठी वस्ती उभी राहिली होती, तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि त्याच शुक्रवारी मेलबर्नमध्ये भारत बल्गेरियाकडून ०-३ असा हरून चौथ्या क्रमांकावर स्थिरावला. त्या सामन्याची आठवण या संग्रहात कुणालाही नाही. ज्या घरांतून ते वर्तमानपत्र वाचले जात होते त्यांतली कितीतरी माणसे मिळेल त्या गाडीने मुंबईकडे निघाली होती. देहूरोडच्या एका जबानीदाराचे वडील डेपोतून परस्पर स्टेशनवर गेले. मुलाने आदल्या दिवसापर्यंत कात्रणे चिकटवलेली वही त्या दिवशी मिटली ती पुन्हा उघडली नाही. ती वही मी पाहिली आहे. तांदळाच्या खळीने चिकटवलेली कात्रणे, कसरीने कडा कुरतडलेल्या, आणि युगोस्लाव्हियाच्या सामन्यानंतरची पाने कोरी. गुरुवारीच भारताने हॉकीत पाकिस्तानला १-० असे नमवून सलग सहावे सुवर्णपदक जिंकले, त्याचेही कात्रण तीत नाही. ती कोरी पाने संग्रहात छायाचित्ररूपाने छापावीत असा माझा आग्रह होता, आणि संग्राहकांनी तो मान्य केला.

मराठी लेखणीने या खेळाकडे इतकी वर्षे पाठ का फिरवली, हा प्रश्न या निमित्ताने विचारणे मला आवश्यक वाटते. कुस्तीवर आपण लिहिले, क्रिकेटवर तर अमाप लिहिले; क्रिकेटच्या सामन्यांची वर्णने करता करता मराठी गद्याला एक नवी चाल लाभली. पण ज्या मुंबईत १८९१ पासून अनेक दशके रोव्हर्स कपचे सामने होत असत, ज्या कूपरेजच्या फळकुटांवर हमाल, गिरणी कामगार, पोलीस, खानसामे आणि बोटींवरचे खलाशी खांद्याला खांदा लावून बसले, त्या मैदानाचे वर्णन मराठीत शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. कोल्हापूरचा अपवाद मी आदराने करतो. तेथे पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉलला मांडीवर घेतले, आणि शाहू स्टेडियमवर आजही पाटाकडील आणि खंडोबा यांच्या सामन्याला जी गर्दी होते ती त्या नगरीच्या रक्तातली आहे. परंतु मुंबईपासून घाटमाथ्यापर्यंतचा जो फुटबॉल होता, तो ज्यांच्या तोंडी होता ती माणसे कोंकणी, हिंदुस्थानी, इंग्रजी आणि मराठी यांच्या मिश्रणात बोलत, शिफ्टमध्ये काम करत, आणि लेखकांच्या बैठकीत कधी बसत नसत. त्यांचा खेळाडू हा ख्रिस्ती होता, गोव्याचा होता, म्हणून तो आपल्या साहित्याच्या परिघाबाहेर राहिला असेल, तर ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही असे स्पष्ट म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. ज्या मावळाने अठरापगड जातींना एका झेंड्याखाली लढताना पाहिले, त्या मावळातूनच त्याच्या स्मृतीचा हा पहिला मराठी ग्रंथ निघावा, यात मला औचित्य दिसते.

संग्रहातील जबानीदारांचे दोन वर्ग पडतात. ज्यांनी नेव्हिलला खेळताना डोळ्यांनी पाहिले ते थोडे, आणि ज्यांनी केवळ ऐकले-वाचले ते पुष्कळ. पाहिलेल्यांपैकी बहुतेकांची कथा एकसारखी आहे: घरी खोटे सांगून किंवा मामाकडे जातो म्हणून गाडीत बसायचे, बोरीबंदरला उतरायचे, पैसे वाचवण्यासाठी कूपरेजपर्यंत पायी जायचे, आणि परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून खेळ संपण्याआधीच धापा टाकत उठायचे. या शेवटच्या अडचणीमुळे त्यांच्या आठवणींमध्ये एक चमत्कारिक त्रुटी राहिली आहे. सामन्याचा शेवट जवळजवळ कुणीच पाहिलेला नाही. १९५८ साली कॅलटेक्स कंपनीच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला आणि त्या संघात नेव्हिल होता, हे सर्वांना ठाऊक; पण विजयाचा तो क्षण स्वतः पाहिल्याचे एकाही लोणावळेकराने म्हटलेले नाही, आणि म्हणता आले असते तरी म्हटले नाही, यावरून या माणसांच्या सचोटीची साक्ष पटावी. गोलांच्या बाबतीत ज्यांची कल्पना मोकाट धावते तीच माणसे ‘मी पाहिले’ हे शब्द उच्चारताना किती जपून बोलतात हे मला फार उद्बोधक वाटले. रचलेले आणि पाहिलेले यांच्यातली रेघ त्यांच्या मनात अजून स्वच्छ आहे.

त्या पाहिलेल्यांच्या जबान्यांतून नेव्हिलचे जे चित्र उभे राहते ते एका बाबतीत तरी निरपवादपणे एकरूप आहे. तो चेंडूची वाट पाहताना स्वस्थ दिसे. प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितले आहे. इतर फॉरवर्ड हाका मारीत, हात उंचावीत, मागे-पुढे धावत. हा आपल्या जागी जणू दुसऱ्याच कुणाचा सामना पाहत असल्यासारखा उभा असे, आणि मग चेंडू गोलपुढच्या पेनल्टी क्षेत्रात आला की बॅकला कळण्याआधी तो तेथे पोचलेला असे. एका गृहस्थांनी, जे पुढे नौदलात इंजिनियर झाले, असे म्हटले आहे की त्यांनी आयुष्यभर जी काही चिकाटी शिकली ती त्या उभे राहण्यातून शिकली. उतावीळ होऊन यंत्र उघडू नये, बिघाड स्वतःच आवाज करतो तोवर कान देऊन थांबावे.

जबान्यांची मांडणी संग्राहकांनी कालानुक्रमाने केलेली नाही. आरंभी चेंडूच्या आणि मैदानांच्या, मग मेलबर्नच्या, मग कूपरेजच्या, आणि अखेरीस १९८० नंतरच्या, अशा क्रमाने त्या येतात. शेवटच्या भागात पाने थोडी आहेत, कारण मृत्यूची बातमी बहुतेकांना फार उशिरा कळली. काहींना ती दहा-दहा वर्षांनी, एखाद्या लग्नात भेटलेल्या जुन्या सवंगड्याकडून कळली, आणि मधल्या काळात ते नेव्हिल मुंबईत कुठेतरी आहे असे धरून चालले होते. जेथे सामन्यांचे आकडे आणि तारखा आल्या आहेत तेथे त्या अधिकृत नोंदींशी ताडून समासात दिल्या आहेत. जबानीचा मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, आणि समासातील आकडा व मजकुरातील आकडा यांत अंतर दिसल्यास वाचकाने दोन्ही वाचावेत. कामशेत, वडगाव आणि तळेगाव या बाजूंच्या जबान्या या आवृत्तीत आलेल्या नाहीत, कारण तेथील जुन्या खेळाडूंपर्यंत संग्राहकांना अद्याप पोचता आलेले नाही. त्या घरांतील कुणाच्या हाती हे पुस्तक पडले, आणि कपाटाच्या तळाशी एखादी कात्रणांची वही, कूपरेजच्या तिकिटाचा तुकडा किंवा वादीचा जुना चेंडू असेल, तर दुसरी आवृत्ती निघण्यापूर्वी तसे प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावे. वेळ थोडा आहे. जबानी देणाऱ्यांपैकी दोघे हे पुस्तक छापखान्यात असतानाच गेले.